प्रयोगाच्या माकडालाही आई हवी



तुमचे शाळेचे ओळखपत्र काढून पाहा. त्यावर रक्तगट लिहिलेला असेल : 'ए पॉझिटिव्ह', 'ओ निगेटिव्ह' किंवा असाच काही. यातले 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' कशाबद्दल आहे, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? तो शब्द आहे 'आरएच' घटकाबद्दल, आणि 'आरएच' ही 'ऱ्हीसस' या नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरे आहेत. ऱ्हीसस म्हणजे उत्तर भारतातले लाल तोंडाचे माकड. 1940 मध्ये कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर या शास्त्रज्ञांनी या माकडाच्या रक्ताच्या मदतीने आपल्या रक्तातील एक घटक ओळखला आणि त्याला माकडाचेच नाव दिले. म्हणजे तुमच्या खिशातल्या कार्डावर एका माकडाची आठवण छापलेली आहे!

ही आठवण एवढ्यावर संपत नाही. 1955 मध्ये जोनास साल्क यांची पोलिओची लस आली. त्या लसीसाठी लागणारे विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवावे लागत. ही माकडे जात होती आपल्या देशातून. त्या काळात एकेका वर्षात लाखाहून अधिक ऱ्हीसस माकडे जंगलांतून आणि गावांतून पकडून परदेशी रवाना झाली. पकडताना, डांबून ठेवताना आणि प्रवासात कितीतरी मेली. उत्तर प्रदेशातील माकडांची संख्या घटल्याचे 1960 नंतरच्या पाहण्यांतून दिसू लागले. पुढे लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत भारतीय माकडे वापरल्याचे उघड झाले आणि मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, 1978 मध्ये, माकडांची निर्यात आपल्या सरकारने पूर्ण बंद केली.

परदेशी शास्त्रज्ञांनी मग माकडांची पैदास स्वतःच्या देशात करण्यावर भर दिला. पिंजऱ्यातल्या माकडांचे आरोग्य कसे राखावे आणि त्यांची संतती कशी वाढवावी, हे एक वेगळे शास्त्रच होऊन बसले. या शास्त्राकडे आपण भारतात पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. ते का द्यायला हवे, हेच आज सांगायचे आहे.

वीस माकडांचा शोध

2020 साल तुमच्या चांगले लक्षात असेल. करोनाची साथ आली, शाळा बंद पडल्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिन या लसीची चाचणी माकडांवर करायची होती. माणसाला लस देण्याआधी ती सुरक्षित आहे का, रोग रोखते का, हे पाहणे गरजेचे होते. त्यासाठी हवी होती वीस निरोगी, तरुण ऱ्हीसस माकडे.

एवढ्या मोठ्या देशात वीस माकडे मिळायला काय अवघड? पण तीच मिळेनात. प्रयोगासाठी जन्मापासून वाढवलेली, ज्यांचे वय आणि आजार ठाऊक आहेत अशी तरुण माकडे देशात हाताशी नव्हती. म्हणून रानातली माकडे पकडायचे ठरले. त्यात टाळेबंदी. लोक रस्त्यावर नाहीत, त्यामुळे लोकांनी टाकलेले खाणेही नाही. माकडे वस्ती सोडून रानात पांगलेली. वनखात्याच्या माणसांनी कित्येक दिवस माग काढला, तेव्हा कुठे नागपूरच्या परिसरात माकडे सापडली.

चाचणी यशस्वी झाली आणि 2021 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. वनखात्याचे आणि शास्त्रज्ञांचे कौतुक करायलाच हवे. पण साथ दाराशी उभी असताना माकडे शोधत रानोमाळ हिंडावे लागले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी नाही. घर पेटल्यावर विहीर खणायला घ्यावी, तसाच हा प्रकार.

गोंगाट आणि संकेत

मी पदार्थविज्ञान शिकवतो. माकडांच्या पैदाशीशी या माणसाचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे मोजमापाचा.

आमच्या येडगावाजवळच खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही प्रचंड दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपतात. त्या लहरी इतक्या क्षीण असतात, की जवळपासच्या यंत्रांचा गोंगाट झाला तर त्यात त्या बुडून जातात. म्हणून त्या परिसरात असा गोंगाट कमी राहावा यासाठी निर्बंध पाळले जातात. मोजायचा तो संकेत, आणि मोजण्यात अडथळा आणणारा तो गोंगाट. सगळ्या प्रायोगिक विज्ञानाचे मर्म या दोन शब्दांत आहे.

आता पुण्याच्या चाचणीकडे वळा. वीस माकडांचे चार गट केले होते, प्रत्येक गटात पाच. एका गटाला लसच दिली नाही. उरलेल्या तीन गटांना लसीचे तीन वेगवेगळे प्रकार दिले. चौदा दिवसांच्या अंतराने दोन मात्रा झाल्यावर सर्वांना विषाणूचा संसर्ग करून कोण आजारी पडते ते पाहिले. इथे 'संकेत' म्हणजे लसीचा परिणाम. मग 'गोंगाट' कोणता? एखादे माकड आधीच जंतांनी पोखरलेले असणे, एखाद्याचे वय वेगळे असणे, एखादे भीतीने अर्धमेले झालेले असणे. घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, रोगप्रतिकारशक्तीही बदलते. मग दिसला तो परिणाम लसीचा की भीतीचा?

लंबकाचा आवर्तकाल काढताना तुमची मापे जितकी विखुरलेली, तितकी ती जास्त वेळा घ्यावी लागतात. याला एक साधा नियम आहे : विखुरणे दुप्पट झाले, तर तेवढ्याच खात्रीसाठी मापे चौपट लागतात. हाच नियम माकडांना लावा. जिथे प्रत्येक गटात पाच माकडे पुरली असती, तिथे वीस लागतील. वीसच्या जागी ऐंशी माकडे! म्हणजे नीट न सांभाळलेले माकड स्वतः तर दुःख भोगतेच, शिवाय आणखी तीन माकडांना पिंजऱ्यात ओढते.

आरोग्य : पहिला धोका आपलाच

माकडांच्या वसाहतीचा सर्वांत जुना शत्रू म्हणजे क्षयरोग. रानात राहणाऱ्या माकडांत तो क्वचितच आढळतो. तो त्यांना होतो तो बहुधा माणसाच्या सहवासात आल्यावर. एका माकडाला झाला, की खोकल्यावाटे दाटीने ठेवलेल्या साऱ्या वसाहतीत पसरतो. म्हणून नव्या माकडाला काही आठवडे, कधी काही महिने, वेगळे ठेवतात. या विलगीकरणात क्षयाची चाचणी पुन्हा पुन्हा करतात. ट्युबरक्युलिन नावाच्या द्रव्याचे अगदी थोडे टोचण वरच्या पापणीत देतात आणि पुढचे तीन दिवस पापणी सुजते का ते पाहतात. पापणीच का निवडली? कारण ती लांबूनही दिसते. निकाल पाहण्यासाठी माकडाला पुन्हा पकडावे लागत नाही. किती साधी आणि किती शहाणपणाची युक्ती!

चाचणी फक्त माकडाची करून मात्र भागत नाही. त्याला खाणे देणाऱ्या, पिंजरा झाडणाऱ्या माणसाची तपासणीही तितकीच काटेकोर हवी. क्षयाप्रमाणे गोवरही आपल्याकडून माकडांकडे जाऊ शकतो. आपल्या जुन्नर तालुक्यात लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना माकडांना उष्टे बिस्कीट देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उलट दिशेचा धोकाही खरा आहे. 1932 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्रेबनर या तरुण डॉक्टरला एक ऱ्हीसस माकड चावले. माकड दिसायला निरोगी होते, पण डॉक्टर मात्र दगावला. त्याच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून त्या विषाणूला 'बी विषाणू' हे नाव पडले. माकडाच्या अंगात तो फारसा त्रास न देता राहतो. माणसाला झाला तर प्राणघातक ठरू शकतो. म्हणून चांगल्या वसाहतीत हा विषाणू नसलेली माकडे निवडून त्यांचीच पैदास करतात.

आहाराची गोष्ट तुम्हाला मजेची वाटेल. कुत्रा, गाय, उंदीर आपल्या शरीरातच क जीवनसत्त्व तयार करतात. माणसाला ते जमत नाही, आणि माकडालाही नाही. साठवणीच्या कोरड्या खाद्यातील क जीवनसत्त्व दिवसेंदिवस कमी होत जाते. त्यामुळे पोट भरलेल्या माकडालाही हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही रोग होऊ शकतो. पेरूची एक फोड तो टाळू शकते.

प्रजनन : त्रैराशिकाने न सुटणारे गणित

ऱ्हीससची मादी साधारण तीन वर्षांत वयात येते, नर त्यानंतर. मादीचे ऋतुचक्र आपल्यासारखेच सुमारे 28 दिवसांचे असते. गर्भ साडेपाच महिने वाढतो आणि बहुधा एकच पिल्लू जन्मते. या साम्यामुळेच मुंबईत परळ येथे 1970 मध्ये स्थापन झालेल्या प्रजनन संशोधन संस्थेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत, माकडांवर अभ्यास झाले.  त्यांत होती आपल्या दख्खनची, डोक्यावर टोपीसारखे केस असणारी टोपी माकडे.

समजा, तुम्हाला वसाहत उभारायची आहे. नर फार भांडतात, म्हणून तुम्ही एक धट्टाकट्टा नर आणि वीस माद्या ठेवल्या. एकवीस जनावरे, काम झाले! पण आनुवंशिकतेच्या हिशेबात ती एकवीस भरत नाहीत. स्यूअल राइट या शास्त्रज्ञाने 1931 मध्ये एक सूत्र दिले : नरांच्या संख्येला माद्यांच्या संख्येने गुणा, त्याची चौपट करा आणि नर व माद्या यांच्या बेरजेने भागा. 1 गुणिले 20 म्हणजे 20, त्याची चौपट 80, भागिले 21. उत्तर येते 3.8. म्हणजे आनुवंशिक विविधतेच्या दृष्टीने तुमची वसाहत जेमतेम चार जनावरांची! कारण उघड आहे : सगळी पिल्ले एकाच बापाची. ती मोठी होऊन आपसांत जुगली, की दोष असलेली जनुके एकत्र येऊन पुढच्या पिढ्या दुबळ्या होतात. आता नर चार ठेवा. उत्तर होते 13.3. नर तीनच वाढले, पण विविधता साडेतीन पटीने वाढली.

निसर्गाने हे गणित फार पूर्वी सोडवले आहे. माकडांच्या टोळीत आई, मुली, नाती जन्मभर एकत्र राहतात. मुलगे वयात आले, की टोळी सोडून दुसऱ्या टोळीत जातात. चांगल्या वसाहतीचा व्यवस्थापक हेच करतो : नर बदलत राहतो आणि माद्यांची घराणी मोडत नाही. प्रत्येक पिल्लाला क्रमांक, त्याची आई कोण, बाप कोण, वजन किती, आजार कोणते, याची वही ठेवतो. आणि वसाहत भरली की पैदास थांबवण्याचीही सोय करतो. नराची नसबंदी केली, तरी त्याची संप्रेरके आणि टोळीतले स्थान कायम राहते. जन्माला घालणे सोपे आहे. जन्मलेल्याला वीस-पंचवीस वर्षे सांभाळणे ही खरी जबाबदारी.

स्वच्छ पिंजऱ्यातला आजार

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. संख्या झपाट्याने वाढवायची असेल, तर एक मोह होतो : पिल्लू लवकर आईपासून तोडायचे. दूध पाजणारी मादी सहसा लवकर गाभण राहत नाही; पिल्लू काढून घेतले, की ती लवकर तयार होते. शिवाय पिल्लू वेगळे वाढवले तर आईचे रोग त्याला लागत नाहीत. कागदावर हिशेब चोख दिसतो.

हा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञाने 1950 नंतरच्या दशकात माकडांची स्वतःची वसाहत उभारली. रोग पसरू नयेत म्हणून पिल्ले जन्मताच आईपासून काढून स्वच्छ पिंजऱ्यांत एकेकटी ठेवली. दूध वेळेवर, औषध वेळेवर. पिल्लांची वजने चांगली भरली. पण ती पिंजऱ्यात अंथरलेल्या कापडाला घट्ट बिलगून बसत. कापड काढले की आकांत करीत. हार्लोने मग दोन खोट्या आया केल्या : एक तारेची, दुधाची बाटली असलेली, दुसरी मऊ कापडाची, दूध नसलेली. पिल्ले तारेच्या आईकडे दूध पिण्यापुरती जात आणि उरलेला सारा वेळ कापडाच्या आईला चिकटून राहत. 1958 मध्ये त्याने हे निष्कर्ष मांडले.

पुढचे अधिकच विचार करायला लावणारे आहे. ही पिल्ले मोठी झाली. शरीराने धडधाकट, पण कोपऱ्यात बसून झुलत राहणारी, स्वतःलाच चावणारी. त्यांना जोडीदाराशी कसे वागावे ते कळेना, त्यामुळे समागमच नीट होईना. ज्या माद्यांना पिल्ले झाली, त्यांतल्या अनेकींनी ती जवळ घेतली नाहीत. काहींनी इजाही केली. रोगमुक्त वसाहत मिळाली, पण तिला पुढची पिढी वाढवता येईना! आईपण हे रक्तातून आपोआप येत नाही. ते आईच्या कुशीत आणि टोळीत शिकावे लागते, हे त्या मुक्या पिल्लांनी आपल्याला फार मोठी किंमत देऊन शिकवले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की माकडांच्या वसाहतीत पिल्लू निदान वर्षभर तरी आईजवळ राहिले पाहिजे. पैदास कमी झाली तरी चालेल. एकेकटे पिंजरे हे अपवाद असावेत, टोळी हा नियम. हे अशक्य नाही. 1938 मध्ये भारतातून नेलेली चारशेहून अधिक माकडे पोर्तो रिको जवळच्या कायो सान्तियागो या बेटावर सोडली होती. त्यांचे वंशज आजही तिथे टोळ्यांनी राहतात आणि त्यांच्या घराण्यांची नोंद ठेवली जाते. सुई टोचण्यासाठी पिंजऱ्याची भिंत सरकवून माकडाला चेपण्याचीही नेहमी गरज नसते. शेंगदाण्याच्या बक्षिसाने, धीराने शिकवले, तर माकड स्वतःहून हात पुढे करायला शिकते.

मग प्रयोग हवेतच कशाला?

हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल, आणि तो यायलाच हवा. मी तुमच्यापासून लपवणार नाही : अशा अनेक प्रयोगांच्या शेवटी प्राण्याला वेदना न होऊ देता मारून त्याची इंद्रिये तपासावी लागतात. 1959 मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी तीन नियम सांगितले. आपल्या भाषेत सांगायचे तर : टाळा, घटवा, सुधारा. प्राण्यावाचून काम होत असेल तर प्राणी टाळा. होत नसेल तर संख्या घटवा. आणि जे वापराल त्यांचे हाल कमी होतील अशी पद्धत सुधारा. अमेरिकेने 2022 मध्ये आणि भारताने 2023 मध्ये नियम बदलून पेशींवरील आणि संगणकावरील चाचण्यांनाही औषधांच्या तपासणीत वाट करून दिली आहे. ही वाट रुंद व्हावी. तुमच्यापैकीच कोणीतरी ती रुंद करील.

पण ती पूर्ण होईपर्यंत पुढची साथ थांबणार नाही. म्हणून देशात माकडांची एक लहान, उत्तम सांभाळलेली वसाहत असावी. तिचा खर्च साथ नसतानाही चालू ठेवावा. तिच्या नोंदी कोणालाही पाहता याव्यात. आणि मोठेपणाची शेखी मिरवण्याऐवजी दर वर्षी किती माकडे कमी लागली, हे तिने सांगावे.

यापुढे 'माकडांवरील प्रयोग यशस्वी' अशी बातमी वाचली, की तुम्ही चार प्रश्न विचारा. ती माकडे जन्मली कुठे? आईजवळ किती दिवस राहिली? प्रत्येक गटात किती होती? आणि प्रयोगानंतर त्यांचे काय झाले? बातमीत उत्तर नसेल, तर संपादकांना पत्र लिहा. शास्त्रज्ञ शाळेत आले, तर उभे राहून विचारा. विचारणारे वाढले, की उत्तरे लिहून ठेवणारेही वाढतील.